आम्ही ठेवत नाही

माझ्या मेडिकलमध्ये गोरं करणारी क्रीम मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे मिळतात, पण काचेत मांडलेले दिसत नाहीत, मागावे लागतात. आणि कोल्ड्रिंक मिळत नाही. नागपूरच्या हनुमाननगरात, सरकारी मेडिकल कॉलेजच्या इतक्या जवळ, जिथे मे महिन्यात पेशंटचे नातेवाईक डोक्याला दुपट्टा बांधून थंड काहीतरी शोधत फिरतात, तिथे कोल्ड्रिंक न ठेवणं म्हणजे दारात आलेली लक्ष्मी परत पाठवणं, असं शेजारचे झेरॉक्सवाले भाऊ म्हणायचे. आता ते स्वतःच ठेवतात. लोक औषध माझ्याकडून घेतात आणि बाटली त्यांच्याकडून. कंपनीचं काही बिघडलं नाही, भाऊंचं भलं झालं.

बहिष्काराबद्दल जो तो लिहितो तो गिऱ्हाईक म्हणून. मी अमुक साबण सोडला, तमुक चहा सोडला. चांगलंच आहे. पण काउंटरच्या आतून हा मामला जरा वेगळा दिसतो. गिऱ्हाईक ठरवतं ते स्वतःपुरतं. दुकानदाराने ठरवलं की समोरच्याचंही परस्पर ठरून जातं, त्याला कोणी विचारतसुद्धा नाही. आपलं तत्त्व दुसऱ्याच्या पिशवीत टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? दुकान उघडल्यापासून मी या प्रश्नाशी झटापट करते आहे आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

ही खोड बाबांची. सक्करदऱ्यात त्यांचं जनरल स्टोअर होतं. बुधवारच्या बाजाराला उमरेड, कुहीकडची माणसं यायची, आणि हिवाळ्यात त्यांची सगळ्यात पक्की खरेदी म्हणजे टॉर्चचे सेल. गहू-हरभऱ्याचं ओलीत रात्री, कारण लाईन रात्री. अंधारात बांधावरून फिरायचं, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. त्यामुळे सेल म्हणजे चैन नव्हे, बियाण्याइतकीच गरजेची वस्तू. आणि सेल म्हणजे लाल सेल, नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर असलेला एव्हरेडी. लोक नावही घेत नसत. "लाल द्या जी दोन," एवढंच.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट वायू सुटला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्याकडून दिल्लीला जाणारी गाडी इटारसी करून भोपाळवरूनच जाते, त्यामुळे ते गाव आम्हाला परकं नव्हतं. आमच्याच गल्लीतली एक मुलगी तिकडे दिलेली होती. ती वाचली, पण तिची तार येईपर्यंत तिच्या आईने अन्न घेतलं नव्हतं हे मला आठवतं. पुढे काही दिवसांनी बाबांना पेपरातून कळलं की ज्या कंपनीचा तो कारखाना, तीच युनियन कार्बाइड इंडिया हे लाल सेलही बनवते. बाबांनी फळीवरची पेटी उतरवली, सुतळीने बांधली आणि माळ्यावर टाकली.

आईचा हिशेब सरळ होता. "विकून तरी टाका. पैसे तर कंपनीला केव्हाच गेले. आता नुकसान आपलं."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. पेटी माळ्यावरच राहिली.

आईचं बरोबर होतं, आजही मला तिच्यात चूक सापडत नाही. ती पेटी काही वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत खाली आली तेव्हा सेल पाझरले होते. टोकाला पांढरट-हिरवा क्षार जमून एकमेकांना चिकटले होते, पुठ्ठ्याचा तळ गळून गेला होता. मी एक उचलला तर बोटांची आग झाली आणि बाबा पहिल्यांदा माझ्यावर ओरडले.

लाल गेल्यावर बाबांनी निप्पो आणि जीप ठेवले. खेड्यावरची माणसं ते हातात घेऊन उलटसुलट पाहायची. "लाल नाही का?" बाबांचं उत्तर ठरलेलं, "आम्ही ठेवत नाही." संपले, असं ते कधीच म्हणाले नाहीत. संपले म्हटलं की माणूस पुढच्या बुधवारी पुन्हा विचारतो. ठेवत नाही म्हटलं की तो विचारतो, "काऊन जी?" आणि त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. मग बाबा भोपाळचं सांगायचे. काही लोक ऐकून घ्यायचे, "लय वाईट झालं" म्हणायचे, आणि पलीकडच्या दुकानातून लाल सेल घेऊन ओलिताला जायचे. एक-दोघांनी निप्पो नेले ते कायमचेच. दुपारी बाबा जेवायला घरात गेले की आई गल्ल्यावर बसायची. तिला कोणी लाल मागितला की ती सांगायची, "संपले." धुणंभांडी पडलेली, तिला कुठे भोपाळ सांगत बसायला वेळ.

बाबांना मी मोठेपणी विचारलं की तुमच्या एका दुकानाने त्या कंपनीचं काय होणार होतं. ते म्हणाले, काहीच नाही. मग? मग काही नाही, म्हणाले, आपलं दुकान म्हणजे मारबत नाही, की वर्षातून एक दिवस ओरडलं, जाळलं आणि घरी येऊन तान्हा पोळा साजरा केला. (नागपूरबाहेरच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी अशा मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, सोबत बडगे, तेही पुतळेच. महागाईपासून परदेशी पुढाऱ्यांपर्यंत कोणाचाही बडगा निघू शकतो. "घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळी इडापिडा गावाबाहेर नेऊन जाळायची. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून.)

मात्र कंपनीवरचा राग एका बाबतीत अवघड असतो. कंपनी विकली जाते. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. १९९४ मध्ये कार्बाइडने भारतातल्या कंपनीतला आपला हिस्सा कोलकात्याच्या मॅक्लिओड रसेलला विकला आणि पुढे कंपनीचं नावही एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं. मूळ अमेरिकन कंपनी २००१ मध्ये डाऊने घेतली. मग बहिष्कार कोणावर? मांजर तेच, लाल रंग तोच, पण मालक वेगळा, ज्याने भोपाळला काही केलेलं नाही. मी हे बाबांना नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मला कोणी कळवलं नाही." आणि दुकान बंद करेपर्यंत त्यांनी लाल सेल ठेवला नाही.

मी ठेवते. बीपी मशीनला, थर्मामीटरला सेल लागतात, आणि आताच्या कंपनीशी माझं भांडण नाही. बाबा एकदा दुकानात बसले होते तेव्हा त्यांना काउंटरवर लाल सेलचं पाकीट दिसलं. त्यांनी विचारलं, "खप आहे का?" मी म्हटलं, आहे. एवढंच. २०२५ च्या जानेवारीत त्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी भोपाळहून पिथमपूरला जाळायला नेला, ती बातमी त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.

आता माझ्या यादीकडे येते. कोल्ड्रिंकचं थोडक्यात सांगते. केरळात पालक्काड जिल्ह्यात प्लाचिमडा नावाचं गाव आहे. कोका-कोलाच्या कारखान्यामुळे आमच्या विहिरी आटल्या आणि पाणी नासलं, म्हणत तिथल्या आदिवासी बायांनी २००२ मध्ये दारात धरणं धरलं. मयिलम्मा त्यांची पुढारी. २००४ मध्ये कारखाना बंद झाला. मधल्या काळात, ऑगस्ट २००३ मध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाटल्यांतल्या कीटकनाशकांचा अहवाल काढला. तेव्हा मी दुकान नुकतंच टाकलं होतं. एका शीतपेय कंपनीचा माणूस काचेच्या दाराचा मोठा फ्रीज फुकट द्यायला आला. अट एकच, आत फक्त आमच्याच बाटल्या. माझा एक जुना फ्रीज होता, त्यात इन्सुलिन आणि लशी, २ ते ८ अंशांत. मला दुसऱ्या फ्रीजची खरोखरच गरज होती. तो माणूस म्हणाला, मॅडम, फुकट आहे. माझ्या दुकानात उभा राहून "फ्रीज माझा, पण आत काय ठेवायचं ते मी सांगणार" ही भाषा मला सोसवली नाही. त्यामुळे त्या नकारात प्लाचिमडा किती आणि माझा ताठा किती, ते मी कधी मोजलं नाही.

गोऱ्या क्रीमची गोष्ट जास्त जवळची आहे, कारण मी सावळी आहे, आणि विदर्भाच्या उन्हात सावळ्या मुलीला काय काय ऐकावं लागतं ते इथल्या बायांना सांगायला नको. फेअर अँड लव्हली १९७५ पासून बाजारात आहे, म्हणजे माझ्या पिढीला ती पाळण्यापासूनची सोबत. आमच्या आत्याने माझ्या दहावीच्या निकालावर पेढ्यांसोबत तीच ट्यूब दिली होती. तिच्या मनात वाईट नव्हतं. दुकान माझं झालं तेव्हा पहिल्या दिवसापासून ती फळीवर नव्हती. जुलै २०२० मध्ये कंपनीने नावातून गोरेपणा काढला, 'ग्लो अँड लव्हली' केलं, तेव्हा एजन्सीचा मुलगा हसत आला. "मॅडम, आता तर ठेवाल?" मी म्हटलं, नाव बदललं, आमच्या आत्याचं मन बदललं का?

पण खरं दुखणं पुढे आहे. फळीवरची क्रीम नाकारली की माणूस दुसरीकडे वळतो, आणि हे "दुसरीकडे" त्या क्रीमपेक्षा भयंकर असू शकतं. लग्नसराईत मुली दाबून दाबून चपटी केलेली ट्यूब घेऊन येतात. "अशीच द्या, मैत्रिणीने लावली, आठ दिवसांत फरक पडला." ट्यूबवर वाचावं तर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. स्टिरॉइड आहे त्यात. त्वचेच्या डॉक्टरने काही आठवडे, काही डागांसाठी द्यायचं औषध, ते या मुली वर्षभर आख्ख्या चेहऱ्याला लावतात. सुरुवातीला उजळ दिसतं. मग कातडी कागदासारखी पातळ होते, गालांवर लाल बारीक शिरा उमटतात, ओठांवर लव येते, आणि लावणं थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावतात. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. कायदा आहे, तेव्हा तिथे मला तत्त्व दाखवायची गरज नाही, नुसतं "चिठ्ठी दाखवा" म्हणायचं. तरी तोंड तेच, वाद तोच. एक मुलगी मला म्हणाली, "तुम्ही साधी क्रीम पण ठेवत नाही, ही पण देत नाही. मग आम्ही लावायचं तरी काय?" मी म्हटलं, उन्हात जाताना दुपट्टा बांध. ती फणकाऱ्याने गेली. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

दुधाच्या पावडरचं मात्र वेगळं आहे. तिथे माझ्या हातात बहिष्कार नाही आणि नसलेलाच बरा.

जगातला सगळ्यात गाजलेला ग्राहक-बहिष्कार बहुधा याच पावडरवरून झाला. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. तक्रार अशी की कंपनी गरीब देशांत दवाखान्यांतून पावडर आयांच्या गळी उतरवते. तिथे पाणी स्वच्छ नाही, इंधन महाग, डबा महाग. मग आई पावडर पातळ करते, बाळ हगवणीने आणि उपासमारीने जातं. तोवर आईचं दूध आटलेलं असतं. त्या हाकाटीतून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता आली. १९८४ मध्ये बहिष्कार थांबला, काही वर्षांनी कंपनी शब्द पाळत नाही म्हणून पुन्हा सुरू झाला. भारताने १९९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला आणि २००३ मध्ये आणखी आवळला. जाहिरात नाही, फुकट नमुना नाही, सूट नाही, डब्यावर बाळाचं चित्र नाही, आणि आईचं दूध सर्वात उत्तम हे ठळक छापायचं. मेडिकलवाल्याला हा कायदा रोज हाताळावा लागतो. तुम्ही माझ्याकडे दोन डब्यांवर सूट मागितली तर ती न देणं हा माझा चिक्कूपणा नाही.

हे सगळं मला पाठ होतं. मग एका रात्री दुकान बंद करायच्या वेळी एक आजोबा आले. गडचिरोलीकडचे. मुलगी बाळंत झाली, झटके आले, मेडिकल कॉलेजच्या आयसीयूत बेशुद्ध. बाळ ठीक. हातात डॉक्टरची चिठ्ठी आणि घामाने भिजलेल्या नोटांची घडी. मी डबा काढला. त्यांनी किंमत ऐकली, डबा हातात धरून वजन पाहिलं आणि विचारलं, "हा किती दिवस पुरंल जी?" मी सांगितलं. ते जरा थांबून म्हणाले, "थोडी पातळ केली तं चालंल का?"

ज्या प्रश्नावरून अर्ध्या जगात मोर्चे निघाले तो प्रश्न माझ्या काउंटरवर वऱ्हाडी-झाडीच्या हेलात येऊन उभा होता. मी शटर अर्धं ओढलं, डबा उघडून दाखवला. आधी उकळून कोमट केलेलं पाणी मापून घ्यायचं, मग पावडर, उलटं नाही. चमचा दाबून भरायचा नाही, शीग ठेवायची नाही, वरून सुरीच्या पाठीने सपाट करायचा. पाणी एक थेंब जास्त नाही. उरलेलं दूध झाकून ठेवायचं नाही, फेकायचं. आजोबा म्हणाले, "फेकाचं?" त्यांच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता. मी म्हटलं, हो, फेकायचंच. बाटली नको, वाटी-चमच्याने पाजा, धुवायला सोपं. आणि पोरगी शुद्धीवर आली की नर्सबाईंना लगेच विचारा, अंगावर घेता येईल का. त्यांनी मला चमचा सपाट करून दाखवला, बरोबर केला.

त्या माणसाला "आम्ही ठेवत नाही" सांगणारी दुकानदार मला व्हायचं नाही. म्हणून डबे आहेत. पण फळीवर मनोरे रचलेले नाहीत, आणि "स्कीम आहे मॅडम, वरचे डबे तुमचे" म्हणणाऱ्या एका एमआरला, म्हणजे कंपनीच्या माणसाला, मी कायद्याची प्रत हातात दिली होती. त्याने ती घडी करून बॅगेत ठेवली, वाचली नसावी.

आता ज्यात सगळे उत्साहाने पडतात त्या बहिष्काराकडे. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले आणि दुसऱ्या दिवसापासून फोनवर चिनी मालाच्या याद्या फिरू लागल्या. राग खरा होता, मलाही आला होता. पण ते दिवस करोनाचे, आणि माझ्या दुकानापुढे खडूने काढलेल्या गोलांत माणसं उभी होती ती ऑक्सिमीटरसाठी. एक गृहस्थ खोका उलटून पाहायचे आणि परत द्यायचे, "चायनाचा नको." माझ्याकडे होते ते सगळे तिकडूनच आलेले. त्यांनी मग पॅरासिटामॉल मागितली. ती कंपनी भारतीय, पण आपल्या गोळ्यांचा बराचसा कच्चा माल चीनहून येतो, पॅरासिटामॉलचा तर विशेषच. हे मी त्यांना सांगितलं नाही. तापाच्या माणसाच्या हातातली गोळी काढून घेण्यासारखं झालं असतं ते. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा येऊन मास्क नाकाखाली ओढत म्हणाला, "काकू, कोणता का असेना, ऑक्सिमीटर द्या. बाबांचं ब्याण्णव दाखवून राहिलं शेजारच्यांच्या मशीनवर." दिला. बरे झाले ते. पुढे कधी दिसले की चिनी लायटिंगच्या माळांवर बोलतात.

कधी कधी बहिष्काराचं सोंगही असतं, हेही सांगायला हवं, कारण ते आमच्याच धंद्यातलं आहे. औषध दुकानदारांच्या अखिल भारतीय संघटनेला २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाने दंड केला. कंपनीने नवा स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता, नेमायचा तर संघटनेचं ना-हरकत पत्र घ्यायचं, नाही घेतलं की मालावर बहिष्कार, अशी पद्धत चालत असल्याचं प्रकरण होतं. आमच्या गांधीबागेतल्या दवा बाजारात ज्यांनी ही बातमी वाचून "अन्याय" म्हटलं, त्यांना मी विचारलं, की त्या बहिष्काराने एखाद्या पेशंटची गोळी दोन रुपयांनी तरी स्वस्त झाली का. चहा आला आणि विषय बदलला.

आणि मग तो बहिष्कार, ज्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले.

आमच्या वस्तीच्या ग्रुपवर मेसेज आला. अमुक लोकांच्या गाड्यांवरून फळं घेऊ नका, तमुक लोकांच्या दुकानात जाऊ नका, आपला पैसा आपल्यात. खाली जोडलेले हात आणि अंगठे. मला त्यात माझ्याच घरातली भाषा उसनी घेतलेली दिसली, "तत्त्व", "स्वाभिमान", "पैशाची ताकद", आणि अंगावर काटा आला. भोपाळच्या कंपनीने काहीतरी केलं होतं. फळवाल्याने काय केलं? तो जन्मला, एवढंच.

हे हत्यार या मातीत नवं नाही. १९३० मध्ये मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीने अहवाल दिला, बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितले की गाव त्यांना कसं वेठीला धरतं ते त्यात लिहिलंय. कामावरून काढतात, वाटा बंद करतात, आणि गावचा वाणी रोजच्या जिनसा विकेनासा होतो. गावचा वाणी म्हणजे दुकानदार. म्हणजे मी. "आम्ही ठेवत नाही" आणि "तुला देत नाही" यांच्यामध्ये एका काउंटरचंच अंतर आहे, आणि ज्या शहरात दीक्षाभूमी आहे तिथल्या दुकानदाराला ते तरी माहीत हवं. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की माझ्या दुकानात सगळ्यांना औषध मिळतं आणि मी सगळ्यांकडून फळं घेते. दोन जणांनी अंगठा दिला, एकाने मला ग्रुपमधून काढलं. पाणी येणार नाही त्या दिवशीचे मेसेज आता मला शेजारचे भाऊ फॉरवर्ड करतात.

माझ्या काउंटरवरचा मुलगा मोमिनपुऱ्यातला. डी. फार्म झालेला, अक्षर डॉक्टरांचं वाचू शकणारा, जे सोपं नाही. त्या मेसेजनंतर काही गिऱ्हाइकं येईनाशी झाली. कोणी बोललं नाही, नुसतं समोरून, रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले, कोपऱ्यावरच्या दुसऱ्या मेडिकलकडे. त्यांत एक काका होते, दुकान उघडल्यापासूनचे. बीपी आणि शुगर दोन्ही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचे, गोळ्या घेतल्या की पंधरा मिनिटं राजकारण बोलायचे. ते बंद झाले. मुलाच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "मॅडम, मी आतल्या बाजूला बिलिंग करत जाऊ का?" मी म्हटलं, बिलिंग मला येतं, तू समोरच उभा राहा.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्यांना ठेवत नाही म्हणून सांगितलंस का?" मी म्हटलं, सांगायला ते आले तर पाहिजेत.

काका अजून येत नाहीत. काकू येतात. भाजीच्या पिशवीत तळाशी चिठ्ठी, वर पालक. कोपऱ्यावरच्या दुकानात शुगरच्या गोळीची दुसरी कंपनी देतात, ती ह्यांना मानवत नाही, म्हणतात. मुलगा चिठ्ठी न पाहता पत्ते काढतो, कापतो, सकाळच्या गोळ्यांवर पेनने सूर्य आणि रात्रीच्यांवर चंद्र काढून देतो, कारण काकूंना इंग्रजी नाव वाचता येत नाही. त्या पैसे मोजून देतात आणि त्याला विचारतात, "पालक घेतोस का रे थोडी? जास्त झाली."